दोन नंबरची शाळा

यांगूनमधल्या टॅक्सीवाल्याला मी तीन वेळा सांगितलं, नंबर टू हायस्कूल, दगोन, आणि तिन्ही वेळा त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आपण काहीतरी भलतंच मागतोय. (मराठीत "दोन नंबर" म्हटलं की जे डोक्यात येतं ते त्याच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं, पण माझ्या आलं आणि मी उगाच हसलो, त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं.) मग मोबाईलवर नकाशा दाखवला तर पठ्ठ्या एकदम खुलला. "आ, म्योमा! म्योमा चाउंग!" आणि गाडी सुसाट निघाली. तिथल्या बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजव्या बाजूला आणि रस्त्याने चालवायच्या मात्र उजवीकडूनच, १९७० मध्ये एका फटक्यात देशाची बाजू बदलली म्हणे, गाड्या मात्र जपानहून जुन्याच यायच्या, तर पुढच्या बसला ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला काही दिसत नाही आणि शेजारी बसलेल्याला सगळं दिसतं. शाळेचा इतिहास वगैरे मी पोचल्यावर आठवला, रस्त्यात देव आठवत होतो.

ही २०१८ ची गोष्ट. ऑफिसच्या कामाने आठवडाभर यांगूनला होतो आणि रविवार मोकळा होता. सगळे श्वेडगॉन पॅगोडा बघायला जातात, मीही गेलो, पण मला ही शाळा बघायची होती, का ते सांगतो.

सरकारी कागदावर हिचं नाव आहे बेसिक एज्युकेशन हायस्कूल नंबर २, दगोन. दगोन हा शहरातला भाग. बर्मीत याचं संक्षिप्त रूप अ-थ-क, म्हणजे मूलभूत शिक्षणाची वरच्या इयत्तांची शाळा, आणि पुढे कंसात आकडा. (त्यांची मुळाक्षरंही क-ख-ग पासूनच सुरू होतात, त्यामुळे अ-थ-क ऐकल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.) म्यानमारमध्ये बहुतेक सरकारी हायस्कूलांना असे नंबर आहेत. आंग सान सू ची ज्या मेथडिस्ट इंग्लिश हायस्कूलमध्ये शिकल्या ते आता दगोन नंबर १. ला साल ब्रदर्सचं जुनं सेंट पॉल्स ते बोटाटाउंग नंबर ६. लष्करी राजवटीत १९६० च्या दशकाच्या मध्यात खाजगी आणि मिशनरी शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले अडकवले. मिशनऱ्यांच्या शाळांची नावं पुसणं मी एकवेळ समजू शकतो, राज्यकर्त्यांना संतांची नावं खुपतात. पण म्योमाचं अधिकृत नाव होतं म्योमा नॅशनल हायस्कूल. राष्ट्रीय शाळा. ते नाव पुसून "नंबर दोन" करणं म्हणजे आपल्याच आजोबांच्या फोटोवर हजेरीपटाचा नंबर लिहिण्यासारखं आहे.

आधी नावाबद्दल. "म्यो" म्हणजे शहर, "म्योमा" म्हणजे मुख्य शहर, गावठाणाचा मधला भाग, बर्मातल्या गावोगावी एक म्योमा पेठ नाहीतर म्योमा बाजार असतोच. "चाउंग" म्हणजे शाळा. इंग्रजीत तो के-वाय असा लिहितात आणि वाचतात च, सू चीमधल्या चीसारखा. आणि चाउंगचा दुसरा अर्थ बौद्ध विहार. शब्द एकच, कारण इंग्रज येण्याआधी कित्येक शतकं मुलगा शिकायला म्हणून जायचा तो गावच्या विहारातच, भिख्खूंसमोर बसून पाटीवर अक्षरं गिरवायला. त्यामुळे बर्मात साक्षरता बऱ्यापैकी होती, इंग्रज अधिकाऱ्यांनीही ते लिहून ठेवलंय. मग सरकारी आणि मिशनरी शाळा आल्या आणि नोकरी हवी असेल तर इंग्रजी शाळा, अशी विभागणी झाली. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता १९२०. बर्मा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, १ एप्रिल १९३७ पर्यंत होता, हे आपण सोयीस्कर विसरतो. आपल्याला मंडाले म्हटलं की टिळक आठवतात आणि रत्नागिरी म्हटलं की थिबा राजा, बस, बर्मा संपला. रंगूनमध्ये, म्हणजे आजच्या यांगूनमध्ये, युनिव्हर्सिटी नव्हती, कॉलेजं कलकत्ता युनिव्हर्सिटीला जोडलेली होती. स्वतःची युनिव्हर्सिटी हवी ही मागणी बर्मी लोकांचीच. पण सरकारने जो कायदा आणला त्यात ती निवासी असणार, म्हणजे वसतिगृहात राहूनच शिकायचं, ज्याला तो खर्च झेपत नाही त्याने घरी बसायचं, वर इंग्रजी कच्चं असलेल्यांना एक जादा तयारीचं वर्ष, आणि कारभार सगळा सरकारच्या मुठीत. दर्जा राखायचाय असं सरकारचं म्हणणं. मुलांना जे कळायचं ते कळलं, की थोडे साहेबी बर्मी तयार करायचे आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचं. तेव्हाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता सर रेजिनाल्ड क्रॅडॉक, हा माणूस त्याआधी नागपूरला मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता, म्हणजे विदर्भातल्या मंडळींच्या आजोबा-पणजोबांनी याला आधीच भोगलेलं.

अकरा विद्यार्थी श्वेडगॉनच्या आवारात, नैऋत्य कोपऱ्यात जमले आणि बहिष्कार ठरला. तिथे आज त्यांच्या नावांचा एक स्तंभ आहे, चार भाषांत, बर्मी, इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन. मी तो शोधला, लोक त्याच्या सावलीत बसून डबे खात होते आणि एक लहान मुलगी खांबाला पाठ टेकून झोपली होती, मला तरी स्मारकाचा याहून चांगला उपयोग सुचत नाही. ५ डिसेंबर १९२० ला बहिष्कार सुरू झाला. त्यांच्या पंचांगाप्रमाणे तझाउंगमोन महिन्याची वद्य दशमी, म्हणजे आपल्या हिशोबाने कार्तिक वद्य दशमी, आणि त्या तिथीला आजही तिथे राष्ट्रीय दिन असतो, सुट्टी असते. एखाद्या देशाचा राष्ट्रीय दिन हा कॉलेजच्या पोरांनी वर्गावर बहिष्कार टाकला त्याचा दिवस असावा, हे मला फार आवडतं. लढाई नाही, राज्याभिषेक नाही, दांडी!

कॉलेजची मुलं बाहेर पडली, पाठोपाठ शाळांची पोरं, आणि ते लोण रंगूनबाहेर गावोगावी गेलं. बाहेर पडलेली मुलं पॅगोड्याच्या पायथ्याच्या धर्मशाळांमधून आणि विहारांमधून राहिली, लोकांनी जेवणं पुरवली. पण बहिष्काराचा प्रॉब्लेम नेहमीचाच, पहिला आठवडा उत्साहाचा, दुसऱ्या आठवड्यात आया विचारतात की मग आता शिकणार कुठे? त्याचं उत्तर म्हणजे "अम्योथा चाउंग", राष्ट्रीय शाळा. गुलामीचं शिक्षण नको म्हणून बाहेर पडलात ना, मग आपलं शिक्षण उभं करा. बर्मी भाषेत शिकवायचं, बर्माचा इतिहास शिकवायचा, सरकारचा पैसा घ्यायचा नाही. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण, ही चतुःसूत्री आपण पाठच केलेली असते, तर तिथे नेमका तिसऱ्या सूत्रातून चौथं सूत्र निघालं आणि त्यातून म्योमा शाळा निघाली. त्याच डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकार पक्का झाला. टिळक जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. कोणी कोणाचं बघून केलं या वादात मला पडायचं नाही, हवाच तशी होती.

राष्ट्रीय शाळांचं पुढे काय झालं, तर बहुतेकांचं तेच झालं जे आपल्याकडे झालं. पैसे संपले. शिक्षक अर्ध्या पगारावर, कधी बिनपगारी, शाळा भाड्याच्या घरात नाहीतर विहाराच्या पडवीत, आणि सर्टिफिकेटला बाजारात किंमत नाही. रंगूनमध्ये एक राष्ट्रीय कॉलेजही काढलं होतं, ते लवकरच गुंडाळलं गेलं. १९२३ मध्ये बर्मात द्विदल राज्यपद्धती आली, शिक्षण खातं निवडून आलेल्या बर्मी मंत्र्याकडे गेलं आणि टिकलेल्या राष्ट्रीय शाळांनी सरकारी ग्रँट घेतली. कडवे लोक म्हणाले ही शरणागती. मला विचाराल तर त्यांनी बरोबर केलं, कारण ज्या शाळेत मुलंच नाहीत तिचा बाणा कोण बघणार, आणि ग्रँट घेऊनही त्यांच्या वर्गात भाषा बर्मीच राहिली.

ही भाषेची गोष्ट रंगूनमध्ये किती मोठी होती हे आपल्याला पटकन कळत नाही, कारण यात आपण दुसऱ्या बाजूला आहोत. १९३१ च्या जनगणनेत रंगूनची लोकसंख्या चार लाखांच्या घरात होती आणि त्यातले अर्ध्याहून जास्त हिंदुस्थानातून आलेले होते! गोदीतले हमाल तेलुगू, सावकार चेट्टियार, पोस्टात-रेल्वेत-कोर्टात बंगाली आणि इतर, दुकानदार गुजराती. म्हणजे आपल्याच देशाच्या राजधानीत बर्मी माणूस अल्पसंख्य, तारघरात जाऊन त्याने बर्मी बोललं तर खिडकीपलीकडच्याला ते कळायचं नाही. अशा गावात भर वस्तीत एक मोठी शाळा, जिथे सगळं बर्मीत चालतं. मुंबईत मराठी शाळांवर दरवर्षी गळा काढणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी याचं महत्त्व कळायला हरकत नाही.

म्योमाचे मुख्याध्यापक ऊ बा ल्विन. ऊ म्हणजे काका किंवा श्रीयुत, आदरार्थी. शाळा आणि हा माणूस इतके एक झाले की लोक त्यांना म्योमा ऊ बा ल्विन असंच म्हणायचे, शाळेचं नाव आडनावासारखं (बर्मी लोकांना आडनाव नसतं, म्हणून ही सोय). इमारतीचा आर्किटेक्टही बर्मी, ऊ टिन. रंगूनच्या सिटी हॉलवरची ती एकावर एक चढत जाणारी बर्मी छपरं ज्याने इंग्रजांच्या आराखड्यावर बसवली तोच, आणि १९५४ चं रेल्वे स्टेशनही त्याचंच. शाळेची इमारत शहराच्या हेरिटेज यादीत आहे, १९९६ मध्ये महापालिकेने जी १८९ इमारतींची यादी केली त्यात. मी गेलो तेव्हा रविवार, फाटक बंद, वॉचमनने हसून नाही म्हटलं आणि मी हसून आग्रह केला आणि त्याने आणखी गोड हसून नाही म्हटलं. म्हणून मी जे बघितलं ते बाहेरून, कुंपणापलीकडून. रस्त्याच्या पाटीवर मात्र नीट लिहिलेलं, म्योमा चाउंग स्ट्रीट. शाळेला नंबर दिला पण रस्त्याचं नाव बदलायला विसरले, म्हणजे "म्योमा शाळा रस्ता" या रस्त्यावर म्योमा नावाची शाळाच अधिकृतपणे नाही.

राष्ट्रीय शाळांमधून कोण कोण निघालं ते बघितलं की चक्रावायला होतं. स्वतंत्र बर्माचे पहिले पंतप्रधान ऊ नू हे म्योमाचे विद्यार्थी. आंग सान, स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि सू चींचे वडील, तेलाच्या विहिरींच्या येनानजाउंग गावच्या राष्ट्रीय शाळेतले. ऊ थांट, पुढे १९६१ ते १९७१ युनोचे सरचिटणीस, ते इरावतीच्या खोऱ्यातल्या पान्टानॉ गावच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर आणि मग हेडमास्तर होते, आणि त्याच शाळेत काही काळ ऊ नूही होते, ती दोस्ती तिथली. म्हणजे एका खेड्याच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक भावी पंतप्रधान आणि एक युनोचा भावी सरचिटणीस पेपर तपासत बसलेत. आणि माझे सगळ्यात आवडते म्हणजे मंडालेच्या राष्ट्रीय शाळेचे हेडमास्तर अब्दुल रझाक, वडील तमिळ मुसलमान, आई बर्मी बौद्ध, पोरांचे लाडके, शाळा सांभाळता सांभाळता मंत्री झाले आणि १९ जुलै १९४७ ला आंग सान यांच्याबरोबर त्याच खोलीत गोळ्या लागून गेले. आज जे लोक खरा बर्मी कोण याचे दाखले तपासत बसतात त्यांना या हेडमास्तरांचं नाव सांगायला हवं.

१९३६ ला पुन्हा संप. या वेळी निमित्त खुद्द ऊ नू, ते विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष, युनिव्हर्सिटीच्या कारभारावर जाहीर टीका केली म्हणून काढून टाकलं, आणि आंग सान मासिकाचे संपादक, त्यात आलेला एक निनावी लेख कोणी लिहिला ते सांगेनात म्हणून त्यांनाही. मुलं परत श्वेडगॉनच्या पायऱ्यांवर, शाळांमधली पोरंही उतरली, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. १९३८ मध्ये परत, सेक्रेटरिएटच्या बाहेर लाठीमारात आंग चॉ नावाचा विद्यार्थी गेला. मग २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर जपानी बॉम्ब पडले आणि काही वर्षं शाळा या विषयालाच अर्थ उरला नाही. युद्ध, स्वातंत्र्य, मग १९६२ चा लष्करी उठाव, त्याच जुलैत युनिव्हर्सिटीत गोळीबार आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघटनेची इमारत सुरुंगाने उडवली, हे सगळं मी भराभर सांगतोय कारण ते बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. शाळेपुरतं एवढंच की त्यानंतर नंबर आले.

संध्याकाळी तिथल्या ऑफिसातल्या माझ्या सहकारीण बाई त्यांच्या वडिलांना घेऊन चहाच्या दुकानात आल्या. वडील म्योमाचे, पन्नासच्या दशकातले. बुटकी प्लास्टिकची स्टुलं, टेबलावर फुकट हिरव्या चहाचा थर्मास, आणि पोऱ्याला हाक मारायची तर ओठांनी पुच-पुच आवाज करायचा, आपल्याकडे केलं तर मार खाऊ. काका बारीक, पांढराशुभ्र शर्ट आणि लोंजी, म्हणजे त्यांची लुंगी. मी शाळेचा सरकारी नंबर म्हटला तर त्यांनी असं तोंड केलं जसं मी त्यांना त्यांच्या रेशनकार्डाच्या नंबराने हाक मारली. "मी नंबर दोनला कधी गेलोच नाही," मुलीने भाषांतर केलं, "मी म्योमात शिकलो."

मग मी विचारलं शिस्त कशी होती, मास्तर मारायचे का वगैरे, आपले नेहमीचे प्रश्न. काका काही बोलले नाहीत, स्टूल मागे सरकवून उभे राहिले, भर दुकानात, दोन्ही पाय जुळवले, मान किंचित खाली आणि छातीवर हाताची घडी. ऐंशीच्या घरातला माणूस एका क्षणात चौथीतला मुलगा झाला. सयाजींसमोर असं उभं राहायचं, त्यांनी सांगितलं, सया म्हणजे गुरुजी, जी म्हणजे मोठे. आपल्याकडे हाताची घडी तोंडावर बोट ही गप्प बसवायची युक्ती आहे, तिथे हाताची घडी हा नमस्कार आहे. बुद्ध, धम्म, संघ, आई-वडील आणि शिक्षक, हे पाच एका ओळीत धरतात, आणि म्हणून माजी विद्यार्थी सया गडॉ नावाचा सोहळा करतात, निवृत्त झालेले साठ-सत्तर वर्षांचे विद्यार्थी त्यांच्याहून म्हाताऱ्या शिक्षकांपुढे जमिनीवर डोकं टेकवतात. आपल्या गेट-टुगेदरला आपण शिक्षकांना शाल-श्रीफळ देतो आणि मग भाषण लांबलं की घड्याळ बघतो.

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणून शाळा सुटताना परत गेलो. पांढरे शर्ट, हिरव्या लोंज्या, मुलांच्या आणि मुलींच्याही, शिक्षिकासुद्धा पांढऱ्या-हिरव्यात, गालावर थनाकाचे, म्हणजे झाडाच्या सालीच्या लेपाचे, गोल पिवळे पट्टे, खांद्याला शान झोळ्या, हातात स्टीलचे डबे. मुलांना न्यायला छपराच्या छोट्या गाड्या रांगेत उभ्या, त्यांना तिथे फेरी म्हणतात, आपल्या स्कूलव्हॅनसारख्याच कोंबून भरलेल्या. दोन पोरं फाटकातच कुठल्यातरी मार्कांवरून भांडत होती (हे भाषा न येता कळतं), तेवढ्यात एक सयामा म्हणजे बाई बाहेर आल्या आणि दोघांचे हात आपोआप घडीत गेले, भांडण तसंच चालू, फक्त कुजबुजत.

१ फेब्रुवारी २०२१ ला परत लष्कराने सत्ता घेतली. मे महिन्यात शिक्षक संघटनेने सांगितलं की असहकारात सामील झाले म्हणून सव्वा लाखावर शिक्षक निलंबित आहेत. १ जूनला शाळा उघडल्या तेव्हा मुलं फारशी आलीच नाहीत, भिंतींवर आणि फलकांवर घोषणा होती, लष्करी गुलामीचं शिक्षण नको. गुलामीचं शिक्षण, १९२० चाच शब्द, शंभर वर्षांनी.

मी बाईंना जपून, आडवळणाने मेसेज केला, सगळे बरे ना, एवढाच. दोन दिवसांनी उत्तर आलं. काकांची नात, दुसऱ्याच कुठल्या शाळेत होती ती, तिला यंदा पाठवलं नाहीये. आजोबाच घरी शिकवतायत, गणित जमत नाही म्हणून नुसता इतिहास. आणि शिकवताना तिने समोर हाताची घडी घालून उभं राहावं असा त्यांचा आग्रह आहे, ती म्हणते तुम्हाला कुठे शाळेचा पगार मिळतो, मग मी कशाला उभं राहू, मला बसूनच ऐकू येतं.